इशारा खरा ठरला, पण वाचले कोण?

२०२२ च्या नाताळात अमेरिकेतील बफेलो शहर हिमवादळात सापडले. ईरी सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून गोठवणारे वारे आले की काठावर प्रचंड बर्फ पडतो. तिथल्या हवामान खात्याने काही दिवस आधीच जीवघेण्या वादळाचा इशारा दिला होता. तो अचूक ठरला. तरीही ईरी काउंटीत ४० हून अधिक माणसे दगावली. कुणी मोटारीत, कुणी रस्त्यावर, कुणी वीज गेलेल्या घरात.

वाहतूकबंदी लागू झाली २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला! तोवर कित्येक कामगार घराबाहेर पडले होते. ज्याला पगारी रजा नाही, शिधा भरून ठेवायला पैसा नाही, त्याने इशारा ऐकून करायचे काय? मृतांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते, हा योगायोग म्हणायचा काय?

नोटीस मिळाली, पण तिच्यावर काही करायला अवधी आणि साधनच नसेल, तर ती केवळ कागद ठरते. हवामानाच्या इशाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. इशाऱ्यासोबत भरपगारी सुटी, उबदार निवारा आणि वेळेवर बंदी हवी. अन्यथा पुढचा अंदाजही खरा ठरेल आणि मरणारे तेच असतील.