भित्तिपत्रक कोणाशी बोलते?

१ ऑगस्ट २०२५ रोजी ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि २०२३ सालचा 'श्यामची आई' हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली, हे पुरस्कार सुरू झाले त्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. साने गुरुजींच्या एकाच पुस्तकावरील दोन चित्रपटांना सत्तर वर्षांच्या अंतराने राजमान्यता मिळावी, ही समाधानाची गोष्ट खरीच. परंतु बारामतीच्या बाजारपेठेत किंवा इंदापूरच्या एस. टी. स्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला पारितोषिकप्राप्त मराठी चित्रपटाची वार्ता लागते ती कशी? बहुधा वर्तमानपत्रातील एका चौकटीतून. आणि तोवर चित्रपट पडद्यावरून उतरलेला असतो.

याचे खापर प्रेक्षकांच्या अभिरुचीवर फोडण्याची शहरी समीक्षकांची जुनी खोड आहे. त्यांनी आधी या चित्रपटांची भित्तिपत्रके नीट न्याहाळावीत. धुरकट पार्श्वभूमी, पाठमोरी उभी असलेली एखादी एकाकी आकृती, नजर ताणून वाचावी लागणारी अक्षरे. आणि माथ्यावर ओळीने मांडलेल्या पानांच्या जुड्या, त्यांच्या मधोमध परदेशी महोत्सवांची इंग्रजी नावे. प्राचीन ग्रीसमधील विजेत्यांच्या मस्तकावरची ही पाने निंबाच्या आणि बाभळीच्या मुलखात काय सांगणार? कथा कोणाची, दुःख कशाचे, खेळ कुठे आणि किती वाजता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नसते. ते भित्तिपत्रक भिंतीसाठी काढलेलेच नसते. ते परीक्षकांसाठी, महोत्सवाच्या निवडकर्त्यांसाठी आणि हक्क विकत घेणाऱ्या कंपनीसाठी काढलेले प्रशस्तिपत्र असते. चित्रपट मेंढपाळाचा, त्याची जाहिरात मात्र मेंढपाळाला वगळून!

मराठी चित्रपटाची परंपरा अशी नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे भारतातील उपलब्ध भित्तिपत्रकांत सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. त्याच पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढून कर्जाने नागवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला पडद्यावर आणले. वास्तवाचा शोध घेणारी दृष्टी आणि रस्त्यावरच्या माणसाला हाक मारणारा कुंचला एकाच कलावंतापाशी होता. पुढे जत्रेतील तंबूंनी आणि तालुक्याच्या टॉकीजनी तीच रीत चालवली. निरक्षर माणसालाही चित्र पाहून कथेचा अंदाज येई. कागदावर पेंटर गावाचे नाव आणि खेळाची वेळ रंगवी, आणि भोंगा लावलेली गाडी उरलेले काम करी. ही भित्तिपत्रके भडक होती, स्त्रीदेहाचा बाजार मांडणारी होती, पुष्कळदा सरळसरळ खोटी होती. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या खिशातील चार आणे हवे होते, त्याच्याशी ती बोलत होती.

आज बारामती-इंदापूर रस्त्याने जाणाऱ्याला चौकाचौकांत चित्रांची उणीव भासत नाही. ती चित्रे वाढदिवसांची असतात. मध्यभागी थोर नेते, त्यांच्या खाली उपनेते, तळाशी टपाल तिकिटाएवढे शुभेच्छुक. चेहऱ्याच्या आकारावरून सत्तेतील स्थान अचूक वाचता यावे, अशी ही फ्लेक्सची चित्रभाषा. पारितोषिकांच्या पानांची रांग आणि 'कार्यसम्राट', 'युवा हृदयसम्राट' या बिरुदांची रांग यांत तत्त्वतः फरक कोणता? दोन्हींत पाहणाऱ्याला काही सांगायचे नसते. तो दबला म्हणजे झाले.

वास्तविक हा मुलूख या चित्रपटांचा खरा धनी आहे. सहकारी साखर कारखान्यातून उभी राहिलेली नवी सरंजामशाही विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी 'सामना'त मांडली. तो चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील कारखान्यांच्या सभासदांइतका त्याचा जाणता प्रेक्षक बर्लिनमध्ये कुठून मिळणार होता? भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'लाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील भटके मेंढपाळ कुटुंब या दोन तालुक्यांच्या जिरायती माळांवर कोणालाही भेटते.

ग्रामीण प्रेक्षक चांगल्या चित्रपटाला येत नाही, हा युक्तिवाद २०१६ साली कायमचा निकालात निघाला आहे. इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा. भीमेपलीकडील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी 'सैराट' काढला, आणि नीरेपलीकडील अकलूजच्या रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. जातीच्या नावाने होणारे खून दाखवणारा तो चित्रपट पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसे टेम्पो भरभरून आली. अर्थात त्यामागे मोठ्या कंपनीचे भांडवल आणि अजय-अतुल यांचे संगीत होते. परंतु त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की मागणी अस्तित्वात आहे. पुरवठ्याची व्यवस्था मात्र बड्या भांडवलावाचून कोणी उभारलेली नाही.

ही व्यवस्था सार्वजनिक पैशातून उभी राहू शकते. मराठी चित्रपटाला राज्य सरकार अनुदान देते. ते अनुदान ज्या करांतून येते, त्यांत निमगाव केतकीच्या शेतमजुराने विकत घेतलेल्या साबणाच्या वडीवरील करही असतो. पुणे जिल्ह्यातच फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४ पासूनचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे (२०२२ साली ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले), २००२ पासून भरणारा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे. जिल्ह्याचे हे सारे वैभव पुणे शहराच्या हद्दीत सुरू होते आणि तिथेच संपते. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाचे खेळ तालुक्याच्या ठिकाणी, परवडणाऱ्या दरात, अमुक इतके झालेच पाहिजेत, ही अट घालण्यास कोणती घटनादुरुस्ती लागते? त्या खेळांसाठी मोठ्या, ठसठशीत देवनागरीतील स्वतंत्र भित्तिपत्रक काढण्याचा खर्च अनुदानातच धरावा. राष्ट्रीय पुरस्कारांत वेशभूषेला आणि रंगभूषेला मान आहे, भित्तिपत्रकाला नाही. ती उणीवही भरून निघावी.

कारखान्यांनीही हात झटकू नयेत. सभासदाच्या उसाच्या बिलातून नाना प्रकारच्या कपाती होत असतात. त्यांतील अल्प अंश खर्चून कारखान्याच्या आवारात पडदा उभारता येईल. गळीत हंगामात तिथेच कोपी घालून राहणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुरांना हे खेळ विनामूल्य असावेत. पहिला खेळ 'सामना'चा ठेवावा. संचालक मंडळाची त्यास हरकत असेल, तर ती कोणत्या प्रसंगाला आहे, हे त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून सांगावे.