गाडीची पोथी

मोटारदुरुस्तीचे पुस्तक कोणते घ्यावे, हा प्रश्न मराठीच्या शिक्षकास कोणी विचारील असे आम्हांस कधी वाटले नव्हते. परंतु आमच्या हाताखालून गेलेला आणि सध्या नागपुरात एका गॅरेजात मिस्त्री असलेला विद्यार्थी जामसांवलीस मारुतीच्या दर्शनाला आला, तो आमच्याकडेही डोकावला. "गुरुजी, इंग्रजीत दोन पुस्तकं आहेत आणि फ्रेंचमध्ये एक. मालक म्हणतात, एकच घेऊन देतो. कोणतं सांगू?" दुरुस्तीला आलेली गाडी होती सॅन स्टॉर्म.

हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले नसेल. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची चिमुकली स्पोर्ट्स कार. अंग फायबरचे, इंजिन मात्र रेनॉ या फ्रेंच कंपनीचे, ११४९ सी.सी.चे, सुमारे ६० अश्वशक्तीचे. अशा गाड्या निघाल्या थोड्या; तेव्हा खुद्द तिच्या नावाचे दुरुस्तीचे पुस्तक दुकानात मिळेल ही आशा व्यर्थच. शोध घ्यावयाचा तो तिच्या इंजिनाच्या माहेरी.

आता, प्रत पारखणे हा तर आमचा नित्याचा विषय. ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले म्हणून नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. मोटारीच्या पोथीतही पहिली चिकित्सा पाठाचीच. केवळ ११४९ हा आकडा पाहून पुस्तक घेणारा फसतो, कारण रेनॉने ह्याच मापाची दोन इंजिने काढली. डी७एफ आठ व्हॉल्व्हचे, डी४एफ सोळा व्हॉल्व्हचे. आपल्या गाडीत पहिले आहे. विद्यार्थ्याने आणलेल्या दोन इंग्रजी पुस्तकांपैकी एक नंतरच्या काळातील, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाचे निघाले. मुखपृष्ठ अधिक देखणे, म्हणून त्याचा कल तिकडेच होता! पुस्तकाच्या नावापेक्षा इंजिनावर कोरलेला क्रमांक आधी वाचावा, हे मिस्त्रीलोकांना सांगावे लागते याचे आम्हांस नवल वाटले.

दुसरी चिकित्सा ग्रंथकाराची. कंपनी आपल्या अधिकृत कारखान्यांसाठी जे पुस्तक काढते ते सूत्रग्रंथासारखे असते. वाचणारा शिकून आलेला आहे आणि खास हत्यारे त्याच्या हाताशी आहेत, हे त्यात गृहीत धरलेले असते. सूत्राला भाष्य हवे. आणि मोटारींचा भाष्यकार म्हणजे जॉन हेन्स. १९३८ साली सिलोनमध्ये जन्मलेल्या या इंग्रजाने शाळकरी वयातच जुन्या ऑस्टिन सेव्हनची स्पोर्ट्स गाडी बनवून त्यावर १९५६ साली एक पुस्तिका लिहिली. तिच्या २५० प्रती दहा दिवसांत खपल्या. पुढे हवाईदलातर्फे एडनला असताना सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट उभी करावयाची होती. कंपनीचे पुस्तक सामान्य माणसाच्या उपयोगाचे नाही हे तेथे त्यास उमगले. त्याने गाडी खोलताना व जोडताना टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेतली, आणि १९६६ साली पहिले हेन्स मॅन्युअल निघाले, तेही स्पोर्ट्स कारचेच. गाडी स्वतः संपूर्ण खोलून पुन्हा जोडल्यावाचून लिहावयाचे नाही, हा त्या पुस्तकांचा शिरस्ता. हेन्स २०१९ साली वारले. ज्याचे हात तेलात बुडाले आहेत त्याचे गद्य कसे असते हे पाहावयाचे तर ती पुस्तके चाळावीत. एक विशेषण फुकट जात नाही. (आमच्या काही कादंबरीकारांनीही ती चाळावीत.)

उरला निर्णय. हे इंजिन पहिल्या पिढीच्या ट्विंगोतही होते. परंतु ती गाडी उजव्या बाजूच्या स्टीअरिंगची निघालीच नाही, म्हणून तिच्यावरचे पुस्तक फ्रेंचमध्ये. ते बाजूस ठेवले. १९९८ ते २००१ या काळातील रेनॉ क्लिओवरचे हेन्सचे पुस्तक घ्यावे, असे आम्ही सांगितले.

मात्र ते इंजिनापुरतेच प्रमाण मानावे. क्लिओचे ब्रेक, क्लिओची वायरिंग, क्लिओचे सस्पेन्शन या गाडीला लावू जाणे म्हणजे एकाची पत्रिका दुसऱ्याला दाखवणे होय. इंजिनात चुकले तर गाडी रस्त्यात थांबेल. ब्रेकमध्ये चुकले तर छिंदवाड्याकडचा घाट उतरताना ती थांबणार नाही. तेथे जो भाग गाडीत प्रत्यक्ष बसवला आहे, तो सोडवून, त्यावरील क्रमांक वाचून, त्याच भागाची माहिती मिळवावी.

आमच्या सीमाभागातील मुलांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि पुस्तक इंग्रजी. शब्द अडला तर कोणी सांगेल, पण अडला हेच न कळले तर? पुस्तकात डावी-उजवी बाजू सांगतात ती चालकाच्या जागी बसून समोर पाहणाऱ्याची. बॉनेटपुढे उभ्या असलेल्या मिस्त्रीची नव्हे. तसेच आवळण्याच्या जोराचे. ५० न्यूटन-मीटर लिहिलेले असता ते ५० फूट-पौंड समजून पाना फिरवला तर जोर ६८ न्यूटन-मीटरांवर जातो, आणि ॲल्युमिनियमच्या हेडातले आटे एकदा गेले की खर्च पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून एकक कोणते, ते आकड्याआधी पाहावे. मोबाईलवर फुकट उतरवलेल्या प्रतींत नेमके हेच तक्ते पुसट किंवा गहाळ असतात. त्यांवर विसंबू नये.

आणि एक दोनशेपानी वही घ्यावी. ब्रेकचे पॅड कोणत्या क्रमांकाचे बसले, फ्यूज कोणत्या तारेवर आहे, कोणता बोल्ट कोठून निघाला, हे सारे तारखेनिशी व किलोमीटरच्या आकड्यानिशी तीत मराठीत टिपून ठेवावे आणि गाडीबरोबर ती मालकाच्या हाती द्यावी. स्टॉर्मचा दुसरा खंड तोच.