वाद्याचे गुण आणि गुणांचे वाद्य

हल्ली आमच्या खडकवासल्याच्या बाजूस वाद्यशिक्षणाचा मोठा सुकाळ झालेला दिसतो. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. पण त्याच्या पुष्कळ आधीपासून सिंहगडाच्या रस्त्याने नवनव्या वसाहती उठत होत्या, आणि आज त्यांतील कित्येकांच्या फाटकाशी पेटी, तबला, गिटार, कीबोर्ड शिकविणाऱ्या वर्गाची पाटी लागलेली आढळते. ज्या गावाचे नाव काढताच लोकांस धरण, चौपाटीवरची कणसे आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी एवढेच आठवावयाचे, तेथे सायंकाळी एखाद्या खिडकीतून चाचपडत्या बोटांचा सारेगम ऐकू यावा, याहून आनंदाची गोष्ट ती कोणती? परंतु वाचकांनी त्या पाट्या एकवार लक्षपूर्वक वाचून पाहाव्या. मुलाची एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती तीव्र होईल, गणित सुधारेल, दहावीस जादा गुण मिळतील! पौष्टिक औषधाच्या बाटलीवर जे छापावयाचे, ते सारे येथे छापलेले आहे. मुलास गाणे कळू लागेल, हे मात्र बहुधा कोठेच नाही.

यात वर्ग चालविणाऱ्यांचा दोष थोडा आहे. गिऱ्हाईक जे मागते ते दुकानदार मांडतो. दोष आम्हा सुशिक्षितांचा आहे. आमच्या घरी मूल पेटीपुढे बसले, की पहिला प्रश्न निघतो तो असा : 'याचा पुढे उपयोग काय?' वाद्य शिकल्याने लाभ होत नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. लाभ मोठे आहेत. पण खोट्या लाभांचा एवढा डंका पिटला जात आहे, की खरे लाभ ऐकूच येईनासे झाले आहेत. आमचे भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

प्रथम बुद्धिवर्धनाच्या दाव्याचा समाचार घेऊ. या साऱ्या गाजावाजाचे मूळ पुष्कळ अंशी १९९३ सालच्या एका लहानशा प्रयोगात आहे. 'नेचर' या विख्यात नियतकालिकात कॅलिफोर्नियातील तिघा संशोधकांनी असे प्रसिद्ध केले, की मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृतींविषयीची कोडी सोडविण्यात विद्यार्थ्यांची थोडी प्रगती दिसली. विद्यार्थी होते ३६, सारे महाविद्यालयीन, त्यांनी वाद्य वाजविले नव्हते, केवळ ऐकले होते, आणि तो प्रभाव दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नव्हता. एवढ्या सुतावरून जगाने स्वर्ग गाठला! पुढे २०२० साली साला आणि गोबे या दोघा संशोधकांनी मुलांच्या संगीतशिक्षणावरील ५४ अभ्यास आणि त्यांतील सुमारे सात हजार मुले यांचा एकत्र हिशोब मांडला. निष्कर्ष असा निघाला, की प्रयोग जितका काटेकोर, तितका बुद्धीवरील व शालेय गुणांवरील परिणाम शून्याच्या जवळ. ज्यास गणित सुधारावयाचे आहे त्याने गणितच करावे. तबल्यास त्या कामी जुंपू नये.

यावर आइन्स्टाइनच्या व्हायोलिनचा दाखला ठरलेलाच. तो थोर पुरुष व्हायोलिन वाजवीत असे हे खरे. परंतु वाजवीत असे म्हणून तो शास्त्रज्ञ झाला, हे अनुमान कोणत्या तर्कशास्त्रात बसते? तसे असते तर आमच्या संगीत नाटकमंडळ्यांतील साथीदारांनी पदार्थविज्ञानाची निम्मी पारितोषिके घरी आणली असती. आइन्स्टाइन वाजवीत असे, कारण त्यास वाजविणे आवडे. हे साधे कारण आम्हांस पुरेसे वाटत नाही, यातच आमच्या काळाचे दारिद्र्य आहे.

आता गुणांकडे वळू. शास्त्रीय संगीताच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास दहावीच्या निकालात वाढीव गुण देण्याची व्यवस्था महाराष्ट्र शासनाने केली. हेतू चांगला होता. कलेस शाळेत मान मिळावा, हा. परिणाम काय झाला? मान कलेस न मिळता परीक्षेस मिळाला. किती परीक्षांवर किती गुण, हा हिशोब मूल तिसरी-चौथीत असतानाच घराघरांत मांडला जातो; चार राग, चार ताल घोटून घेतले जातात; आणि दहावीचा निकाल लागताच पेटी माळ्यावर जाते. ज्या वयात बोटांस नुकते वळण लागलेले असते आणि मनास आता कोठे सुराची भूक लागावयाची, नेमक्या त्याच वयात वाद्य सुटते.

संगीत-परीक्षांस आम्ही शत्रू मानीत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणेबजावणे ही भल्या घरच्या मुलामुलींनी शिकण्याची गोष्ट नव्हे, अशीच समजूत रूढ होती. त्यांच्या शिष्यपरंपरेने १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले आणि अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या द्वारे ही विद्या तालुक्यातालुक्यापर्यंत पोचविली. ज्या घरांत सतारीचे नाव निघत नव्हते तेथे सतार गेली, हे त्या परीक्षांचे ऋण कोणी नाकारू नये. पण परीक्षा ही पायरी होती. पायरीवरच बिऱ्हाड थाटून बसणाऱ्यास देवळाचा गाभारा कसा दिसावा?

कोणी म्हणेल, गुणांचे आमिष नसेल तर मुले वाद्याकडे फिरकणारच नाहीत. याचे उत्तर पेटीच्या इतिहासातच आहे. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत, असा ठपका ठेवून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला आपल्या दाराबाहेर काढले, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण तीस वर्षांच्या त्या बहिष्काराने महाराष्ट्रातील घरांतल्या पेट्या मुक्या झाल्या काय? भजन पेटीवर चालले, नाट्यपदे पेटीवर चालली. आणि स्वतः काही काळ आकाशवाणीच्या नोकरीत असलेल्या पु. ल. देशपांड्यांची बोटे जन्मभर पेटीवर फिरली. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही, उलट सरकारी अवकृपा. तरी वाद्य जगले.

इतके मागे जाण्याचेही कारण नाही. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी मुठेच्या काठाने कोणी फेरी मारावी. दिवसभर कचेरीत वा महाविद्यालयात राबलेले तरुण-तरुणी कमरेस ढोल बांधून पावसात, चिखलात उभे असतात. परीक्षा नाही, पदवी नाही. हातास फोड येतात ते निराळेच. ताशाची तर्री चुकली तर शेजारचा हसतो, एवढीच काय ती शिक्षा. हे वेड शहरास आले तेही मावळ-मुळशीच्या ढोल-लेझमीच्या खेळांतून. त्यांच्या दणदणाटाने शेजाऱ्यांच्या कानांस होणारा त्रास आम्ही जाणतो, आणि त्यास आवर हवा असेही म्हणतो. पण गुणांवाचून तरुण शिकत नाहीत, हा युक्तिवाद त्या ढोलांनी कधीच फोडून टाकला आहे. या खोऱ्यातील गावांच्या देवळांत पखवाजावर हात टाकणाऱ्या भजनी मुलास तरी कोणते प्रमाणपत्र मिळते?

मग वाद्याचे खरे गुण कोणते? पहिला गुण असा, की वाद्य खोटे बोलत नाही आणि बोलू देत नाही. शाळेत निबंध कच्चा असला तरी सुंदर अक्षराने थोडे भागते. घरी चूक झाली तर कारण सांगता येते. तंबोऱ्याची तार उतरली असेल तर तिच्यापुढे कोणते कारण चालणार? खुंटी किंचित पिळावी, ऐकावे, पुन्हा सोडावी, मणी केसभर सरकवावा, पुन्हा ऐकावे. आणि षड्जाच्या दोन्ही तारा एकमेकींत विरघळेपर्यंत हेच करीत राहावे. ज्या मुलाने पाच मिनिटे असे प्रामाणिकपणे ऐकले, त्यास 'जवळजवळ बरोबर' आणि 'बरोबर' यांतील अंतर कळले. हे अंतर न कळणारी माणसे मोठमोठ्या पदांवर बसून काय करितात, हे आम्ही नित्य पाहतोच.

दुसरा गुण लयीचा. खडकवासल्यास संरक्षण प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात बँडच्या ठोक्यावर शेकडो पावले एकदम पडतात. ती एकदम पडतात ती केवळ हुकुमाने नव्हे. हुकूम पाऊल उचलावयास लावतो. त्या पावलांस एकजीव करितो तो ठोका. तबल्याच्या साध्या तीनतालात हीच शिस्त हुकुमावाचून येते. सोळा मात्रांचे आवर्तन डोक्यात फिरत ठेवावयाचे, खाली ओळखावयाची, आणि दुसरा कितीही दूर भटकला तरी समेवर त्यास भेटावयाचे. दुसऱ्याची वाट पाहणे, त्याच्या पुढे न धावणे, आपला आवाज त्याच्या आवाजाखाली ठेवणे, हे ज्यास साथीत कळले, त्यास संसारात आणि सभेत वागण्याचा मोठा धडा मिळाला.

तिसरा गुण आम्ही सर्वांत मोठा मानतो. वाद्य शिकणारा थोर वादक होईलच असे नाही. शंभरांत एकही न होणे संभवते. परंतु तो श्रोता होतो. दोन वर्षे सतारीवर मींड काढण्याची खटपट केलेल्या माणसास, उस्तादाच्या बोटाखाली तीच मींड सहज निघते तेव्हा काय घडले ते कळते. इतरांस केवळ गोड वाटते. आज खिशातल्या यंत्रात जगातील सारे संगीत भरले आहे, मग स्वतः वाजविण्याचे कष्ट कशास, असे विचारणारास आमचे उत्तर हेच. यंत्राने संगीत दिले. कान दिला नाही. आणि ज्या समाजात कान उरला नाही, तेथे उत्तम आणि भिकार यांस एकच भाव येतो.

या कानावर केवळ गवई-वादकांचेच नव्हे, कारागिरांचेही पोट आहे. मिरजेस एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून तंबोरे व सतारी घडविण्याची विद्या निघाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडावा, वाळवावा, घोडी घासून जवारी साधावी, हे सारे हातांचे आणि कानांचे काम. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे! परंतु मानांकनाने तंबोरा विकला जात नाही. घरात तो लावणारे कोणी असेल तर विकला जातो. चांगली जवारी आणि वाईट जवारी यांतला फरक ओळखणारे गिऱ्हाईक संपले, की ती साधणारा कारागीर किती दिवस टिकेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

आक्षेप दोनच उरतात. 'वेळ नाही' हा पहिला. ज्या घरात रोज दोन घटका मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकविण्यात जातात, त्या घराने हे म्हणू नये. तेच बोट अर्धा तास स्वरपट्ट्यांवर सरकवावे. 'आमच्या मुलास अंग नाही' हा दुसरा. अंग आहे की नाही हे तीन महिन्यांत ठरविणारे आईबाप, मूल तीन महिन्यांत चालले नाही म्हणून त्यास पांगळे ठरवितात काय?

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. मुलास वाद्य द्या, पण पहिली तीन वर्षे परीक्षेस बसवू नका. त्यास पाहुण्यांपुढे वाजवावयास लावू नका. रोज अर्धा तास, ठरल्या वेळी, दार लोटून, त्याचे त्यास चुकू द्या. शक्य असेल तर आईने वा बापानेही त्याच्याबरोबर शिकावे. चाळिशीतील बोटे जड असतात, पण कान म्हातारा झालेला नसतो, आणि मोठा माणूसही चुकतो व पुन्हा प्रथमपासून सुरू करितो हे पाहण्यासारखा दुसरा धडा मुलास मिळणार नाही. आणि दहावीचा निकाल लागेल त्या दिवशी पेटी माळ्यावर टाकण्याऐवजी पुसून दिवाणखान्यात आणून ठेवा. गुणपत्रिकेचे काम त्या दिवशी संपते. भात्याचे संपत नाही. नोकरी लागेल, सुटेल. मुले परदेशी जातील. घर रिकामे होईल. त्या रिकाम्या घरात संध्याकाळी स्वतःशी बोलावयास ज्याच्यापाशी एखादे वाद्य आहे, त्यास दहावीत किती गुण पडले होते, हे तेव्हा कोण विचारणार आहे?