गर्भवती, बालक आणि फ्लूची लस



मृगाचे ढग जमू लागले की कबनूर-इचलकरंजी परिसरात घरोघरी ताप-खोकल्याची ये-जा सुरू होते. पेढीवर दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ, घरी एकत्र कुटुंब, पुढे चातुर्मासातील प्रवचनांची गर्दी. अशा वेळी एकाचा फ्लू दहा जणांपर्यंत सहज पोहोचतो. इतरांना तो चार दिवसांचा त्रास वाटेल, परंतु गर्भवती व लहान बालकांच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातील १४ वर्षांची शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली. तो या साथीचा देशातील पहिला बळी. गर्भवतींना या रोगाचा अधिक धोका असतो, हेही त्याच साथीत जगभर दिसून आले. गर्भारपणात प्रतिकारशक्ती बदलते, वाढत्या गर्भाचा फुप्फुसांवर दाब येतो आणि न्यूमोनिया लवकर बळावतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या लसीसाठी गर्भवतींना सर्वोच्च प्राधान्य देण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनानेही २०१५ पासून त्यांच्यासाठी मोफत लसीची योजना सुरू केली.

'लसीनेच फ्लू होतो' हा समज निराधार आहे. टोचून देण्याच्या लसीतील विषाणू निष्क्रिय केलेला असतो. दंड दुखणे, अंग कसकसणे, थोडा ताप हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत शमतो. गंभीर दुष्परिणाम अत्यंत विरळ असतात. मात्र नाकावाटे देण्याची जिवंत विषाणूची लस गर्भवतींनी घेऊ नये. पूर्वी एखाद्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. मातेने गर्भारपणी लस घेतली तर तिच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाचे रक्षण करतात. नऊ वर्षांखालील बालकास पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. विषाणू रूप बदलत असल्याने पुढे दरवर्षी एक मात्रा घ्यावी.

आता आपल्या घरांत दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक फ्लू-लसींचा विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवला जातो. हे सत्य लपवू नये. श्रावकाच्या अणुव्रतात संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही, ती यत्नपूर्वक कमी करावयाची असते. माता व गर्भ या दोन जीवांच्या रक्षणार्थ घेतलेली लस संकल्पी हिंसेत मोडत नाही, असे आमचे नम्र मत आहे. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. धोका ठाऊक असूनही हयगय करणे हाही प्रमादच नव्हे काय? मन तरीही साशंक असेल तर त्यागींशी चर्चा करावी. अंड्यांविना, पेशींवर तयार केलेल्या लसीही निघाल्या आहेत. त्या आपल्याकडे मिळतील का, हे डॉक्टरांना विचारावे.

घरातील सून संकोचाने हा विषय काढणार नाही. तो सासूबाईंनी काढावा, आणि खर्चाचा हिशेब पेढीवरच्या मंडळींनी आड येऊ देऊ नये. चातुर्मास सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांची भेट घ्यावी, कारण लसीचे संरक्षण उभे राहण्यास सुमारे दोन आठवडे लागतात.