घराचा गारवा मिस्त्रीच्या हाती

एप्रिल उजाडला की मालेगाव, भुसावळ, अकोला या भागांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. सूर्य मावळून चार तास झाले तरी खोली थंड होत नाही. पंखा लावला तर तो गरम हवाच अंगावर फेकतो. मग हप्त्यांवर एसी घेतला जातो आणि पुढे दर महिन्याला विजेचे बिल पाहून घरधनी कपाळाला हात लावतो. सगळा दोष उन्हाला दिला जातो. आमच्या मते उन्हाइतकाच दोष बांधकामाचा आहे. आणि बांधकाम ज्यांच्या हातून होते त्या मिस्त्री, रंगारी, पत्रेवाले आणि एसी मेकॅनिक यांना ही गोष्ट कोणी समोर बसवून शिकवलेलीच नाही.

साधा हिशेब करून पाहा. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवरचा स्लॅब म्हणजे सुमारे 9 चौरस मीटर. उन्हाळ्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर जवळजवळ 1000 वॅट ऊन पडते. म्हणजे एवढ्याशा स्लॅबवर 9 किलोवॅट! एक टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तरी साडेतीन किलोवॅटच उष्णता बाहेर टाकतो. वर पडलेली सगळी उष्णता खाली येत नाही हे खरे; पण उघडा, काळवंडलेला स्लॅब तिच्यातला मोठा वाटा पिऊन घेतो आणि रात्रभर खोलीत सोडत राहतो. तोच स्लॅब पांढरा केला तर बहुतेक ऊन आल्या पावली परत जाते. गच्चीवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक बसवण्याची जुनी पद्धत गळतीसाठी होती, तशीच ती उन्हासाठीही होती. आज काम करणाऱ्या किती पोरांना हे दुसरे कारण ठाऊक आहे?

उस्तादाचे ज्ञान कोठे गेले?

आपल्याकडे हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे जातो. ही पद्धत चांगली आहे आणि तिच्यावर हजारो घरे जगली आहेत. कोकणातला चिऱ्याचा जाड घेर, वर कौले, मध्ये माळा आणि भोवती पडवी, हे सारे अशाच पद्धतीने टिकले. पण चिरा गेला, कौल गेले आणि त्यांच्या जागी चार-सहा इंची भिंत, काँक्रीटचा स्लॅब किंवा नुसता पत्रा आला. माल बदलला, शिकवण मात्र बदलली नाही. शागीर्द उस्तादाचे कसब उचलतो, तशी त्याची चूकही उचलतो.

आमच्या परिचयातील एका घरमालकाने पत्र्याखाली उष्णता अडवणारा चकचकीत थर लावून घेतला. पैसे चांगले मोजले, मालही खरा होता. कारागिराने तो पत्र्याला आणि खालच्या सिलिंगला घट्ट चिकटवून टाकला. असा थर उष्णता परतवतो तो त्याच्या चकचकीत बाजूला हवेची मोकळी फट असेल तरच. फट गेली की त्याची किंमत कागदाइतकी. घर होते तसेच तापले. मालक म्हणतो माल नकली, कारागीर म्हणतो ऊनच जास्त. खरे कारण बोटभर फटीत होते आणि ते दोघांनाही माहीत नव्हते.

कायदा आहे, पण कोणासाठी?

केंद्र सरकारने 2018 साली 'इको निवास संहिता' आणली. भिंतींतून, खिडक्यांतून आणि छतातून किती उष्णता घरात उतरू द्यावी याच्या मर्यादा तिच्या पहिल्या भागात घालून दिल्या. पाऊल स्वागतार्ह होते. पण ती बेतलेली होती 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. 500 चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे! आपल्या गावांत, मोहल्ल्यांत गुंठ्या-दीड गुंठ्यावर घर बांधणारा माणूस अशा नियमाच्या कक्षेत येणार कसा? त्याच्याकडे आर्किटेक्टही नसतो. त्याचा आर्किटेक्ट मिस्त्री, त्याचा सल्लागारही मिस्त्रीच. म्हणून गरिबाच्या घराचा गारवा कायद्याने नव्हे, मिस्त्रीच्या शिक्षणाने येईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्यांनी काय केले?

1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने 1976 मध्ये गरीब कुटुंबांची घरे दुरुस्त करून इंधन वाचवण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. तेथे दुखणे थंडीचे. घरातली ऊब फटींतून निसटते. पुढे त्यावर एक युक्ती रुळली. घराच्या दारात मोठा पंखा बसवून आतली हवा ओढायची. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते आणि धूर धरला की डोळ्यांना दिसते. कामगार फट बुजवतो आणि पंखा पुन्हा लावून किती फरक पडला ते मोजतो. हे काम शिकवण्यासाठी तेथे सरावाची घरे उभारलेली आहेत. फळ्यावर आकृती काढून भागत नाही, हे त्यांना कळले.

आपले दुखणे उन्हाचे, म्हणून यंत्र वेगळे लागेल. पण पद्धत तीच घ्यावी: आधी मोजा, मग दुरुस्त करा, मग पुन्हा मोजा. एका गच्चीचे चार भाग करावेत. एक उघडा, एकावर चुन्याचा हात, एकावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, एकावर पांढरा चायना मोझॅक. दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता वरून-खालून तापमान घ्यावे. दुरून तापमान दाखवणारे पिस्तुलासारखे यंत्र आता मिस्त्रीच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीत मिळते. मात्र चकचकीत पत्र्यावर ते यंत्र फसते आणि आकडा कमी दाखवतो. आधी पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा लागतो. अशी गोष्ट पुस्तकातून शिकणारा विसरेल. हाताने केलेला विसरणार नाही.

एसी मेकॅनिकचेही तसेच. गॅस भरण्यापूर्वी नळीतली हवा पंपाने पूर्ण काढावी लागते, तांब्याच्या नळीवरचे आवरण सलग ठेवावे लागते. घाईत दोन्ही टळतात आणि भुर्दंड ग्राहकाच्या बिलावर बसतो. आता येणाऱ्या यंत्रांतला आर-32 हा वायू पेट घेऊ शकतो, आर-290 तर अधिकच. येथे अज्ञान जिवावरही बेतू शकते. 2019 च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले गेले ते उगाच नव्हे.

धंद्याची बाजू

यात धंदा आहे काय, असे व्यापारी वाचक विचारतील. आहे. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे छते पांढरी करण्याचे काम त्यात जोडले. तेलंगणने 2023 मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले. हे काम शेवटी रंगारी आणि मिस्त्रीच करणार. जो कारागीर ग्राहकाला कामाआधीचा आणि नंतरचा आकडा दाखवील, त्याला भाव पाडून काम मागण्याची वेळ येणार नाही.

सिमेंट-रंगाचे विक्रेते मिस्त्रींचे मेळावे भरवतात. जेवण होते, टोपी-घड्याळ वाटले जाते. त्याच खर्चात एक सरावाची गच्ची उभी राहील. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत जुन्या कारागिराच्या अनुभवाला दाखला देण्याची सोय झाली, हे चांगले झाले. पण तो दाखला येत असलेल्या कामाचा. न येणारे काम त्याने येत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. मिस्त्री शिकायला आला तर त्याची रोजी बुडते. त्याला व्याख्यान नको, बुडालेली मजुरी हवी. तेव्हा कंत्राटदार, विक्रेते आणि आपल्या तांत्रिक शिक्षणसंस्था यांनी मिळून आठवडी सुट्टीचे सहा दिवस ठरवावेत आणि शिकणाऱ्याला निदान निम्मी रोजी द्यावी. आखातात भिंती-छतांना उष्णतारोधक थर देण्याचे काम करून परतलेले कारागीर कोकणात आहेत. त्यांना उस्ताद म्हणून बोलवावे. वर्ग मार्चमध्ये भरवावा, कारण पावसात ऊन मोजता येत नाही.

घर बांधणारा माणूस आयुष्याची पुंजी मिस्त्रीच्या हाती सोपवतो. त्या हाताला कसब आहेच. त्याला थर्मामीटर द्या, कारण समजावून द्या. मेच्या रात्री लेकरे शांत झोपली, तर त्या झोपेचे श्रेय त्या हाताचे असेल.