रुपयाच्या नाण्यापुरती समता

गेल्या महिन्यात घरातल्या मुलाने संगणकावर एक जुना खेळ लावला आणि आम्हाला हाक मारली. पडद्यावर दोन माणसे समोरासमोर उभी, वर दोन पिवळ्या पट्ट्या आणि मध्ये नव्व्याण्णवपासून उतरत जाणारा आकडा. 'स्ट्रीट फायटर टू'! जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये काढलेला हा मारामारीचा खेळ. २०१८ मध्ये त्याच कंपनीने आपले बारा जुने खेळ एकत्र करून पुन्हा बाजारात आणले, त्यातलाच हा एक. इतक्या वर्षांनी हातात दांडी आली आणि ती आपोआप खाली, तिरकी, पुढे अशी फिरली. पडद्यावर निळा गोळा सुटला. आम्ही त्याला 'आडुकेन' म्हणायचो. मूळ जपानी शब्द काय आहे, याची फिकीर कोणाला होती?

आम्ही सोलापूरच्या बुधवार पेठेतले. तो काळ गिरण्यांचे भोंगे थंडावत चालल्याचा. घरात आई विड्या वळायची आणि आमच्या मुठीत रुपयाचे नाणे असायचे. ते नाणे दर वेळी मागूनच आणलेले असायचे असे नाही, हेही आज कबूल केले पाहिजे. पडदा लावलेल्या एका अंधाऱ्या दुकानात चार लाकडी पेट्या होत्या. तेथे कायदा एकच. रुपया टाका आणि खेळा. जो जिंकेल तो उभा राहील, जो हरेल तो बाजूला होईल. पूर्व भागातला पद्मशाली पोरगा, नई जिंदगीतला मुसलमान पोरगा, पेठेतल्या व्यापाऱ्याचा पोरगा आणि आम्ही, सगळे एकाच दांडीला हात लावायचो. तुझे आडनाव काय, असे यंत्राने कधी विचारले नाही. दोघांच्याही पिवळ्या पट्ट्या सुरुवातीला सारख्याच भरलेल्या असायच्या.

हे फार मोठे वाटत नसेल, तर पळवणकर बाळू आठवावेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा थोर फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यातल्या हिंदू क्लबात त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि बाहेर दिला जाई. चेंडू बाळूंच्या हातचा चालत होता, कप चालत नव्हता! हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही १९२३ मध्ये. ज्या समाजाने खेळाच्या मैदानावरही अशी भिंत बांधली, त्या समाजातल्या पोरांनी एकाच दांडीला हात लावणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पण ही समता कोठवर होती? दुकानाच्या पडद्यापर्यंत. आमच्याकडून रोज हरणारा आणि हरल्यावर हसून पाठीवर थाप मारणारा एक मित्र एकदा आम्हाला घरी घेऊन गेला. तेथे पाणी मिळाले, पण ओसरीवर आणि वेगळ्या पेल्यात. मित्र खाली मान घालून उभा होता. त्यानंतरही आम्ही एकत्र खेळलो, पण त्याच्या घरी पुन्हा गेलो नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा आम्ही फार पुढे वाचला. राजकारणात समता आणि समाजात विषमता, असे विसंगतीचे जीवन आपण सुरू करत आहोत, हा त्याचा आशय. तो वाचताना आम्हाला तो पेला आठवला. पडद्याच्या आत एक रुपया, एक संधी. पडद्याच्या बाहेर मात्र जुनाच कारभार.

परवा खेळताना आणखी एक जुनी गोष्ट नव्याने कळली. या खेळात गाईल नावाचा अमेरिकन सैनिक आहे. त्याचा वार सोडायचा तर खेळाडूला दांडी आधी मागे धरून ठेवावी लागते, मग पुढे ढकलून बटण दाबावे लागते. पण गाईलला यंत्र स्वतः खेळवत असेल, तर त्याला असे थांबावे लागत नाही. तो चालता चालता वार सोडतो! लहानपणी आम्हाला वाटायचे, आपला हातच कच्चा. हात कच्चा नव्हता, नियमच दोन होते. माणसाविरुद्ध माणूस असतो तेव्हा नियम सारखा. पण ज्याच्या हातात सगळे यंत्र आहे, तो स्वतःला नियमातून मोकळा ठेवतो. 'गुणवत्ता' या शब्दाचा जप करणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज आहे काय?

या खेळातला भारत कसा दिसतो, तेही पाहिले पाहिजे. भारताचा म्हणून जो खेळाडू आहे तो ढालसिम. हाडकुळा, गळ्यात कवट्या, तोंडातून आग ओकणारा, मागे हत्ती. आणि बुद्ध कोठे आहे? थायलंडच्या सागातशी लढाई होते, तेथे मागे पहुडलेली भव्य बुद्धमूर्ती आहे. शेवटून दुसऱ्या लढतीपर्यंत जो टिकेल, त्यालाच ती दिसायची. आम्ही तेथे पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा मूर्तीकडे पाहतच राहिलो आणि मार खाऊन बाहेर पडलो. ज्या भूमीत बुद्धाने धम्म सांगितला, तिची ओळख परदेशात कवट्यांची माळ व्हावी, याचा दोष केवळ जपानी चित्रकारांना कसा द्यायचा?

आज त्या पेट्या गेल्या. खेळ घराघरात, ज्याच्या त्याच्या पडद्यावर गेला. पन्नास हजारांच्या घरातले यंत्र ज्याला परवडते तो ते घेतो. वस्तीतल्या पोराच्या हाती मोबाईल येतो आणि त्यावर पैसे लावायचे खेळ त्याला गाठतात. २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हा फरक आपल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावा. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत याच मालिकेतील 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' पदकाचा खेळ होता. दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी सुवर्णपदक जिंकले. भारताचेही दोन खेळाडू तेथे उतरले होते.

खेळाला कमी लेखण्याची शिकवण बाबासाहेबांची नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये आमच्या याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि हॉकी क्लबही चालवला. तरुणांनी जुगार आणि दारूपासून दूर राहावे, हा त्यामागचा हेतू. पुस्तक आणि खेळ, दोन्ही एकाच सभेच्या कामात होते.

म्हणून आमची मंडळांना एक विनंती आहे. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो, त्यातला थोडा वाचवा. विहारातल्या अभ्यासिकेच्या शेजारी एक जुना संगणक आणि दोन दांड्या ठेवा. नियम तोच, जो जिंकेल तो उभा राहील. मात्र पहिली पाळी मुलींची. आमच्या त्या दुकानात एकही मुलगी कधी आली नाही, आणि खेळातल्या आठ जणांत बाई एकच होती. त्या वेळी आम्हाला यात काही चुकीचे वाटले नाही, हीही आमचीच विषमता.

आणि खेळ संपल्यावर पोरांना एकाच माठातले पाणी प्यायला बोलवा. आमचा खेळ त्या एका पेल्यापाशी अडला होता. पुढच्या पिढीचा अडू नये.