प्लॅन वाढवू नका, आधी आवाजाची वाट मोकळी करा

माझं मत सरळ आहे. घरून धंदा करणाऱ्याने लोगो नंतर करावा, आधी फोनवरचा आवाज नीट करावा. केक असो, ब्लाउज शिवणं असो, पापड-लोणची असोत, तुमच्याकडे काउंटर नाही. ग्राहकासाठी तुमचा आवाज म्हणजेच तुमचं दुकान. "चॅटवर भागतं की सर," असं म्हणणारे भेटतात. रेट विचारणं भागतं. पण पन्नास डब्यांची ऑर्डर आणि चिडलेल्या ग्राहकाची तक्रार कॉलवरच येते. आणि "अंडं चालणार नाही" मधला "नाही" गळला तर केक परत, ग्राहकही गेला.

आवाज तुटतो म्हटलं की उपाय ठरलेला असतो: १०० चा प्लॅन २०० चा करू. कशाला? जी.७११ हा जुना, भरपूर डेटा खाणारा कोडेक घेतला तरी एका बाजूच्या आवाजाला साधारण ८७ केबीपीएस लागतात. म्हणजे १०० एमबीपीएसचा हजारावा भागही नाही!

अडतं ते वेळेवर. तुमचं बोलणं साधारण २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे होऊन जातं. उशिरा पोचलेला तुकडा फेकून द्यावा लागतो, कारण वाक्य पुढे गेलेलं असतं. आता तिकडे तुमची रील अपलोड होतेय, मोबाइलचे फोटो बॅकअपला लागलेत. अपलोडची वाट भरली की राउटरमध्ये रांग लागते आणि तुमचे शब्द त्या रांगेत मागे उभे. गंमत अशी की समोरच्याचा आवाज तुम्हाला स्वच्छ येतो, तुटतो तो फक्त तुमचा. म्हणून आपण बिनधास्त म्हणतो, "तुमच्याकडेच नेटवर्क नाही."

खात्री करायची असेल तर मोठी फाइल अपलोडला लावा आणि त्याच वेळी पिंग बघा. एरवी २० दाखवणारा आकडा दोन-तीनशेवर गेला, तर रोग सापडला. जाणारा आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असा आयटीयूचा सल्ला आहे. बॅकअप रात्री लावा. राउटरमध्ये क्यूओएस असेल तर कॉलला पहिला नंबर द्या. कॉल लॅपटॉपवरून करत असाल तर सरळ लॅन केबल जोडा, वायफायचे नखरेच नकोत.

वायफायच वापरायचं तर राउटर असलेल्या खोलीत बसून ५ गीगाहर्ट्झ वापरा. २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असते, तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शिवाय मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात चालतो. (बेकरीवाल्या ताईंनो, ओटीजीचा काही त्रास नाही, तो बिनधास्त चालू ठेवा.)

हेडफोनबद्दल तर मी हट्टी आहे: वायरवाला घ्या. बऱ्याच ब्लूटूथ इअरफोनचा माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो, मग किंमत काही का असेना.

आणि लाइट गेली की राउटर बंद, कॉल कट. त्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचून, फोटो काढूनच दुकानात जा. क्यूओएसचं सेटिंग कुठे असतं ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो.